तारेचा दागिना फोटोत बिघडतो: दोष बॅकग्राउंडचा की आणखी कशाचा?

तक्रारी ठरलेल्या असतात. तांब्याची तार दिसतच नाही. जांभळा अ‍ॅमेथिस्ट निळा आला. चांदीच्या तारेवर हिरवट झाक आलीय. मे महिन्यात काढलेले फोटो आणि जुलैतले फोटो शेजारी ठेवले की दोन वेगळ्या कारागिरांचा माल वाटतो. उपायही ठरलेला असतो, नवीन बॅकग्राउंड आणायचं. आधी जूटचं कापड, मग लाकडी पाट, मग काळी मखमल, मग ऑनलाइन मिळणारी संगमरवर छापलेली शीट. कपाट भरत जातं आणि फोटो होते तिथेच राहतात.

आपण बॅकग्राउंड म्हणजे दागिन्याच्या मागची वस्तू एवढंच धरतो, तिथे गाडी अडते. चकचकीत गोल तार हा बारीक, लांबट आरसा असतो. त्यात मागचं काही दिसत नाही, समोरचं आणि बाजूचं दिसतं. खड्याचं उलट. वायर रॅपमध्ये, म्हणजे खड्याला तारेने गुंडाळून केलेल्या दागिन्यात, खड्याची पाठ बहुतेक वेळा उघडी असते, त्यामुळे खडा पारदर्शक असेल तर तो ज्यावर ठेवलाय ते त्याच्यातून आरपार दिसतं. एकाच दागिन्यात तारेला रंग समोरून मिळतो आणि खड्याला खालून. हे एकदा ध्यानात आलं की कुठली तक्रार कशामुळे येते हे शोधणं फारसं कठीण नाही.

आधी दोष ओळखा

स्टेशनरीच्या दुकानातून मध्यम करड्या रंगाचा, अजिबात चमक नसलेला कार्डपेपर आणा. ज्या फोटोबद्दल तक्रार आहे तो फोटो त्याच जागी, त्याच वेळी, त्याच फोनने परत काढा. फक्त दागिन्याखाली हा कागद घाला. बाकी काही हलवू नका, खुर्चीसुद्धा.

तार आता स्पष्ट दिसू लागली तर दोष जुन्या बॅकग्राउंडच्या पोताचा किंवा रंगाचा होता. तारेवरची हिरवी, लाल किंवा निळी झाक तशीच राहिली तर बॅकग्राउंड निर्दोष आहे, रंग आजूबाजूने येतोय. आणि आधी अख्खा फोटो काळवंडलेला किंवा फिका येत होता तो आता बरोबर आला, तर फोनचा उजेडाचा अंदाज चुकत होता.

हा शेवटचा दोष सुटायला सगळ्यात सोपा, म्हणून तो आधी उरकून टाकू. फोनचा कॅमेरा चौकटीतला एकूण उजेड मध्यम करड्याच्या आसपास आणायला बघतो. पांढऱ्या कागदावर दागिना ठेवला की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, तो फोटो गडद करतो आणि पांढरा कागद मळका येतो. काळ्या मखमलीवर उलट होतं. मखमल राखाडी दिसते आणि खडा धुतल्यासारखा फिका पडतो. यासाठी बॅकग्राउंड बदलायची गरजच नसते. स्क्रीनवर खड्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो. मग बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह पांढऱ्यावर थोडं वर सरकवा, काळ्यावर थोडं खाली.

तार हरवते तेव्हा

इथे बहुतेक जण रंगाला दोष देतात. मी आधी पोत बघते.

तारेची जाडी डोळ्यांसमोर आणा. खड्याभोवतीच्या चौकटीसाठी वापरतो ती २० गेजची तार पाऊण ते एक मिलिमीटर जाड असते. वेढे घालायची २८ गेजची तार मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. आता जूटचं कापड जवळून बघा. त्याचा धागा मिलिमीटरभर किंवा त्याहून जाड, आणि तोही पिळाचा, वर-खाली होत जाणारा. म्हणजे तुमच्या चौकटीच्या तारेएवढ्याच जाडीच्या शेकडो रेघा तुम्ही दागिन्याभोवती पसरून ठेवल्यात. डोळा त्यातून तुमची एक रेघ वेगळी काढणार कशी? वेण्या घालण्यात दुपार गेलेली असते आणि फोटोत दिसतो एक खडा आणि भोवती काहीतरी गुंता.

वाळूचं तर याहून वाईट. गोव्यात दागिने करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पेंडंट किनाऱ्यावरच्या वाळूत ठेवून फोटो काढावासा वाटतो. पण मध्यम वाळू म्हणजे व्याख्येनेच पाव ते अर्धा मिलिमीटरचा कण, नेमकी आपल्या वेढ्याच्या तारेची जाडी. फोटोत वेढे आणि वाळू एकजीव होतात. शिवाय त्या वाळूत क्वार्ट्झ भरपूर असतो. त्याचा कठीणपणा मोहस् मापावर ७, तांबं-चांदीचा ३ च्या आतबाहेर. पॉलिश केलेल्या तारेवर ओरखडे उठतात, कण वेढ्यांच्या फटीत शिरतात, आणि खारी ओल तांब्याला लागते ती निराळीच. समुद्र हवाच असेल तर दागिना दगडावर ठेवा आणि समुद्र मागे लांब, धूसर राहू द्या.

म्हणून माझा नियम असा: बॅकग्राउंडचा पोत तारेच्या जाडीच्या जवळपास फिरकू द्यायचा नाही. एक तर तो इतका बारीक हवा की फोटोत उमटणारच नाही, नाही तर पेंडंटपेक्षा मोठा, म्हणजे पाटाच्या लाकडातली रुंद रेघ किंवा फरशीवरचा मोठा डाग. कुणबी साडीच्या लाल चौकटी कितीही मोहक असल्या तरी दागिन्याखाली त्या सरळ रेघा तारेची वळणं कापत जातात. तीच साडी हातभर मागे टांगून दागिना पुढे दोऱ्याला लोंबता ठेवला, तर फोटोत फक्त लालसर मऊ रंग उरतो, आणि गोव्याचा म्हणून कळतोही.

पोत नीट असूनही तार हरवत असेल तर मग रंगाकडे वळायचं. तांबं आणि आपल्याकडच्या सगळ्या आवडत्या जागा एकाच घराण्यातल्या. चिऱ्यांची भिंत, लाल कोब्याची जमीन, सागवानी पाट, मातीचं परळ, सगळं तांबूस. त्यावर तांब्याची तार म्हणजे घरात घर. तांब्याला निळसर करडा किंवा हिरवट करडा रंग खाली द्या. माझ्या बघण्यात कडप्प्याएवढं गुणी आणि स्वस्त दुसरं काही नाही. फरशीवाल्याकडे वीतभर तुकडे पडलेले असतात, मागाल तर देतो. मात्र पॉलिश केलेली बाजू नको, तिच्यात खिडकी दिसते. उलटी, खरखरीत बाजू वर ठेवायची. निळ्या-पांढऱ्या अझुलेजो टाइल्सचाही हाच घोटाळा आहे, वरचा चकचकीत थर सगळा उजेड परत फेकतो आणि नक्षी तारेशी भांडते ती वेगळी.

चांदीची तार पांढऱ्यावर हरवते कारण ती पांढराच कागद अंगावर घेऊन बसते. यासाठी बॅकग्राउंड गडद करायचं नसेल तर एक युक्ती आहे. काळ्या कागदाच्या बोटभर रुंद दोन पट्ट्या कापा आणि दागिन्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, फोटोच्या चौकटीच्या जरा बाहेर, उभ्या करा. तारेच्या दोन्ही काठांवर बारीक काळी रेघ उमटते आणि प्रत्येक वेढा सुटा दिसायला लागतो. पट्टी जवळ आणली की रेघ जाड होते, लांब नेली की बारीक. फोनच्या स्क्रीनकडे बघत बघत सरकवा. काळ्या बॅकग्राउंडवर हेच काम पांढऱ्या पट्ट्या करतात.

झाक कुठून येते

गोव्यातल्या घरांत ही तक्रार ऋतूबरोबर फिरते, त्यामुळे तिचा माग लवकर लागत नाही.

आपल्यातले बरेच जण बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, किंवा पडवीत फोटो काढतात. उन्हाची थेट तिरीप नाही, उजेड मऊ, जागा चांगलीच आहे. पण हा उजेड येतो कुठून ते बघा. गोवा साडेपंधरा अंश उत्तरेला आहे. मे महिन्याच्या सुरुवातीला आणि परत ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पुढे आलेल्या छपरामुळे आकाशाचा उजेड आत फार कमी शिरतो. जो शिरतो तो अंगणावर आपटून वर आलेला. मे महिन्यात अंगण तांबड्या मातीचं, म्हणून तारेच्या खालच्या बाजूला तांबूस झाक. जुलैत तेच अंगण गवताने भरलेलं, चिऱ्यांवर शेवाळ, समोर केळी आणि माड, म्हणून झाक हिरवी. आणि पावसाचा मारा अडवायला बाल्कांवला निळी ताडपत्री बांधली असेल तर सगळंच निळं. चांदी ही झाक जशीच्या तशी दाखवते, तांब्यात ती मिसळून जाते आणि तार नुसती मळकट वाटते.

फोन यात आणखी घोळ घालतो. पांढरं काय हे तो चौकटीतल्या रंगांवरून ठरवतो. खाली पिवळं कापड असेल तर पिवळा कमी करायला तो निळा वाढवतो, आणि अ‍ॅमेथिस्ट जांभळ्याचा निळसर होतो. रंगीत बॅकग्राउंड जितकं जास्त जागा व्यापेल तितकी ही ओढ जास्त. पणजीत फोंतेन्हासच्या पिवळ्या-निळ्या भिंतींपुढे दागिने धरून काढलेल्या फोटोंत खड्यांचे रंग का फिरतात याचं उत्तर यातच आहे. (त्या भिंती लोकांच्या राहत्या घरांच्या आहेत. फोटोवाल्यांना कंटाळून काहींनी पाट्या लावल्यात, त्या वाचाव्यात.)

करायचं काय? अंगणाच्या बाजूला जमिनीवर पांढरी चादर पसरा किंवा टेबलापुढे थर्माकोलची शीट आडवी ठेवा. झाडांकडून येणारा उजेड पांढऱ्या मलमलीच्या किंवा बटर पेपरच्या पडद्यातून घ्या. पडदा हिरवा रंग पूर्ण काढत नाही, पण तारेत पानांचे आकार दिसायचे थांबतात. घरात कार्पांची, म्हणजे शिंपल्यांच्या तावदानांची जुनी खिडकी असेल तर तुम्ही नशीबवान. तो उजेड किंचित उबदार असतो, पण इतका एकसारखा पसरतो की दुसरा पडदा लागत नाही. खोलीतली ट्यूब मात्र बंद करा. खिडकीचा आणि ट्यूबचा उजेड एकत्र आला की खड्याची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्या रंगाची येते, आणि ते कुठल्याही अ‍ॅपमध्ये नीट दुरुस्त होत नाही.

स्वतःच्या कपड्यांकडेही एकदा बघा. लाल कुर्ता घालून वाकलात की तो वेढ्यावेढ्यात दिसतो. फोन आणि हात तारेत काळे दिसत असतील तर पांढऱ्या कार्डपेपरला लेन्सएवढं भोक पाडा आणि त्यातून फोटो काढा.

उरलेली झाक मोजून काढायची तर फोटोत पांढऱ्याचा एक खात्रीचा तुकडा हवा. झेरॉक्सचा कागद त्यासाठी चालत नाही. तो जास्त शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन घालतात आणि उन्हाच्या उजेडात तो निळसर येतो. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती टेफ्लॉनची टेप घ्या, चार-पाच पदर करून दागिन्याशेजारी ठेवा आणि त्या उजेडातला पहिला फोटो तिच्यासकट काढा. स्नॅपसीडमध्ये व्हाइट बॅलन्सचं ड्रॉपर त्या टेपवर टेकवलं की रंग जागेवर येतो. मग टेप काढून, तेवढाच बदल बाकीच्या फोटोंना लावायचा. फोनमध्ये प्रो मोड असेल तर त्यात व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर बांधून ठेवा, निदान एका बैठकीतले फोटो आपसात तरी जुळतील.

खड्याचा रंगच वेगळा येतो तेव्हा

जॅस्पर, फिरोजा, लाजवर्द अशा अपारदर्शक खड्यांना खाली काय आहे याचं फारसं सोयरसुतक नसतं. प्रश्न येतो अ‍ॅमेथिस्ट, सिट्रिन, रोझ क्वार्ट्झ, स्फटिक यांचा. अ‍ॅमेथिस्ट काळ्या मखमलीवर ठेवा, वांग्याच्या सालीसारखा काळपट दिसतो. जूटवर तपकिरी झाक घेतो. पांढऱ्यावर ठेवला की त्याच्या पोटातला खरा जांभळा दिसतो, पण मग चांदीची तार हरवते. दोन्ही हवं असेल तर गडद बॅकग्राउंड तसंच ठेवा आणि खड्याखाली लपेल असा, त्याच्या काठापासून दोनेक मिलिमीटर आत राहणारा पांढऱ्या कागदाचा तुकडा कापून घाला. पेंडंट मेणाच्या मुगाएवढ्या गोळीवर थोडं उचललेलं असलं की त्या फटीतून कागदावर उजेड पडतो आणि खड्यातून वर येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलनेही हे जमतं, पण मला ते पटत नाही. फॉइलवर खडा इतका पेटतो की गळ्यात घातल्यावर गिऱ्हाइकाला तो तसा कधीच दिसणार नाही, आणि मग पार्सल परत येतं.

लॅब्राडोराइट आणि मूनस्टोनचं गणित वेगळं. त्यांची निळी चमक एका ठराविक कोनातच येते. सगळीकडून मऊ उजेड दिला, पांढरं बॅकग्राउंड घातलं, की लॅब्राडोराइट मेलेला करडा दगड दिसतो आणि दोष कापडाला जातो. इथे गडद, बिनचमकीचं बॅकग्राउंड, एकाच बाजूचा उजेड, आणि फोन जागेवर ठेवून खडा सावकाश कलता करत जायचा. चमक पेटली की थांबा. टायगर आयची रेघही अशीच पकडावी लागते.

फोनचे स्वतःचे उद्योग

पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. बॅकग्राउंड धूसर करताना तो तारेच्या बारीक कड्या आणि टोकं खाऊन टाकतो, कारण त्याला ती मागच्या कापडाचाच भाग वाटतात. फार जवळ गेलात की कित्येक फोन आपोआप रुंद लेन्सवर जातात. मग खडा फुगल्यासारखा येतो आणि बॅकग्राउंडचा काठ, टेबल, मागची बादली सगळं चौकटीत शिरतं. थोडं मागे सरून दोन पट झूमवर काढा. एसीच्या खोलीतून फोन बाहेर आणल्यावर काही मिनिटं लेन्सवर बाष्प असतं. फोटो धूसर आला तर आधी ती पुसा.

पावसाळ्यात टिकणारं बॅकग्राउंड

कोकणपट्टीत हा वेगळा विषय आहे. जूनपासून कार्डपेपर ओल पितो आणि कडेने वळतो, मग दागिन्याखाली उगाच एक वाकडी सावली येते. मखमलीवर आणि लाकडी पाटावर पांढरी बुरशी धरते, आणि फोटोत ती धूळ समजून आपण फुंकत बसतो. कागद सपाट बोर्डाला क्लिप लावून ठेवा, कापडं सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात. चार महिने खरं भरवशाचं काय तर दगड आणि बिनचमकीची टाइल. पुसली, वाळवली, झालं. लोकरी फेल्ट आणि रबराचा मॅट चांदीच्या संगतीत ठेवू नका. त्यांच्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते, मग बॅकग्राउंड कितीही नेमकं असलं तरी तार जुनाट दिसणार.

आणि तरीही गिऱ्हाईक म्हणालं, रंग वेगळा आहे

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आकसून जातो. खरखरीत पोताच्या बॅकग्राउंडवर हा मार जास्त दिसतो, पोत आणि वेढे दोन्ही चिकटून जातात. साध्या बॅकग्राउंडचा फोटो त्यातून बरा वाचतो. एचडी निवडून पाठवा किंवा डॉक्युमेंट म्हणून. फोटो रात्री बघितला असेल तर फोनचा पिवळसर रात्रीचा मोड चालू होता का ते विचारा, त्यात रोझ क्वार्ट्झ पीच रंगाचा दिसतो आणि चांदी पितळेसारखी. लॅब्राडोराइटच्या ऑर्डरला नुसता फोटो पुरत नाही. खिडकीशी धरून, हातावर फिरवत काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ सोबत द्या, म्हणजे चमक कुठल्या कोनात येते आणि कुठल्या कोनात मावळते हे पैसे भरायच्या आधीच दिसतं.